रीळ, ढील आणि नानांचा उजवा हात

उल्हासनगरात 'रीळ' म्हटले की दोऱ्याचे रीळ. गजानन मार्केटच्या गल्ल्यांतून ती भिंतीभर मांडलेली दिसतात, आणि कॅम्प पाचच्या बाजूला जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या दारांत रिकामी होऊन ढिगाने पडलेली दिसतात. सिनेमाचे रीळ ही दुसरी अर्थच्छटा आता केवळ आमच्या पिढीच्या स्मरणात उरली आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी जे रील असते ते अर्धा मिनिट टिकते आणि त्याला गुंडाळायला काहीच नसते. ह्या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, तो मासे पकडणाऱ्यांचा. त्या अर्थापाशी आम्ही गेल्या हिवाळ्यापर्यंत कधी थांबलो नव्हतो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक अंबरनाथला राहतो, एक बदलापूरला. गळाशी आमचा संबंध 'गळ घालणे' आणि 'गळाला लागणे' ह्या वाक्प्रचारांपलीकडे फारसा नव्हता.

हा संबंध आला तो नानांमुळे. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील. दुसऱ्याचेही ते नानाच. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी टर्नर म्हणून आयुष्य काढले आणि रविवार उल्हास नदीवर. बदलापूरच्या बॅरेजपासून वर वांगणीच्या दिशेने कुठल्या डोहात काय लागते हे त्यांना जितके ठाऊक, तितके आम्हांला आमचे अभ्यासक्रमही ठाऊक नाहीत. मरळ कुठे दडते, शिंगटी कोणत्या वेळी वर येते, वाम गळाला लागली की दगडाला कशी वेटोळे घालते, पहिल्या पावसात वलगणीचे मासे उलट्या धारेने शेतांत कसे चढतात, हे सारे ते सांगत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, वाचाही सावरली. उजवा हात मात्र पुरता परतला नाही. मनगट हलते, कोपर वाकतो, पण बोटांत चिमटीचा जोर नाही. शर्टाची गुंडी लागत नाही आणि गळाला गांडूळ लावणे तर दूरच राहिले.

नानांची लेक कॅनडात, मिसिसागाला असते. जावई दर उन्हाळ्यात मित्राच्या होडीतून ओंटारिओ सरोवरात ट्राउट पकडायला जातात. मे महिन्यात नानांनी यावे अशी त्यांनी गळच घातली (वाक्प्रचार आला तो असा). नाना नाही म्हणाले. का, ते बरेच दिवस कळेना. मग एका संध्याकाळी त्यांनीच सांगितले. "मासा दुसऱ्याने ओढायचा, आणि मग काठी माझ्या हातात देऊन फोटो काढायचा. ते मला नको. रीळ माझ्या हाताने फिरणार असेल तर येतो." जावयांचा निरोप आला, नानांना झेपेल असे रीळ निवडून कळवा, मी मागवून ठेवतो. सोबत आठ-दहा रिळांची इंग्रजी वर्णने. ती वाचून नानांना मराठीत सांगणे हे काम आमच्याकडे आले, कारण भाषा हा आमचा व्यवसाय.

पहिलाच अडसर 'ट्रोलिंग' ह्या शब्दाचा. वर्गात सहज उल्लेख झाला तेव्हा मुले हसली. त्यांना ठाऊक असलेले ट्रोलिंग म्हणजे कुणाला तरी डिवचून रडकुंडीला आणणे. मुळात शब्द मासेमारीचा आहे: होडी संथ चालवायची, ताशी तीन-चार किलोमीटरच्या आसपास, आणि मागे लांबवर सोडलेल्या दोराला खोटे आमिष लावून ते पाण्यातून ओढत न्यायचे. आमच्या नद्यांवर ही रीत नाही. कोकणच्या समुद्रात सुरमईसाठी होडीमागे तंगूस सोडून नेतात, ते ह्याचेच भावंड. नानांना एवढे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपण बसायचं नाही, माशाला शोधत फिरायचं." आम्ही ज्याला व्याख्या म्हणतो ती एवढीच.

ट्राउट हा आपल्या हवेतला मासा नव्हे. त्याला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. विसाच्या वर पारा गेला की तो कासावीस होऊ लागतो. भारतात तो इंग्रजांनी आणला, एकोणिसावे शतक संपता संपता काश्मिरात आणि विसाव्याच्या आरंभी निलगिरीत. सह्याद्रीच्या आपल्या बाजूला तो कधी रुजला नाही. आपल्याकडचा मानाचा मासा महाशीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली आहेत. ओंटारिओतही इंद्रधनुषी ट्राउट उपराच आहे. पॅसिफिकच्या बाजूचा हा मासा तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सोडला गेला. त्या सरोवराचा विस्तार ऐकून नाना गप्प झाले होते. सुमारे १९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा झाल्यानंतरचा ठाणे जिल्हा त्यात चार वेळा मावून वर पाणी उरेल.

नानांनी आयुष्यभर रिळाशिवाय मासे पकडले. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, गळ, आणि काठीच्या टोकाला एक घुंगरू. मोठ्या डोहात तर काठीही नाही, नुसता हातदोर. रिळाला त्यांच्याकडे शब्द नव्हता, कारण वस्तूच नव्हती. मासा ओढू लागला की दोर बोटांतून सोडायचा, तो दमला की बोटांनीच आवरायचा. उजव्या तर्जनीच्या पेरावर त्या दोराची जुनी रेघ अजून आहे. हेमिंग्वेचा म्हातारा सांतियागो, ज्याला पु. लं.नी 'एका कोळियाने' मधून मराठीत आणले, तोही रिळाशिवायच मासा धरतो. दोर त्याच्या पाठीवरून आणि तळव्यांतून जातो, आणि ऐन वेळी त्याचा डावा हात आखडतो. ही कादंबरिका आम्ही वर्षानुवर्षे शिकवली आहे. जिद्द, एकाकीपण, पराभवातला विजय असे मुद्दे फळ्यावर लिहून दिले आहेत. हात आखडतो ही गोष्ट मात्र आम्ही प्रतीक म्हणूनच सांगत आलो. समोर बसलेल्या माणसाचा हात खरोखरच आखडलेला असला म्हणजे त्या पानांचे वजन वेगळे लागते.

रिळाचा इतिहास आम्ही थोडा धुंडाळला. मास्तरकी अशी सुटत नाही. मा युआन ह्या चिनी चित्रकाराचे बाराव्या शतकाच्या अखेरीचे एक चित्र आहे: रिकाम्या पाण्यावर एक छोटी होडी, तीत वाकून बसलेला एक माणूस, आणि त्याच्या काठीला स्पष्ट दिसणारे चाक. रिळाचे सर्वांत जुने चित्र म्हणून ते दाखवले जाते. इंग्रजीत हे चाक १६५१ मध्ये टॉमस बार्करच्या पुस्तकात अवतरते. आपल्याकडे मात्र त्याही आधी, शके १०५१ च्या सुमाराचा, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ परिचित असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. परीक्षेत तेवढेच विचारतात. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, माशांचे प्रकार, त्यांना घालायचे चारे, गळ आणि दोर ह्यांची चर्चा करणारे. राजाचा विनोद म्हणून मासेमारीकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा ग्रंथ आपल्या भाषेच्या उंबऱ्यावर उभा आहे, आणि आम्ही त्यातले उंबऱ्यापुरतेच शिकवतो. असो.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. आज सर्वांत जास्त खपते ते, काठीच्या खाली लटकणारे, स्थिर रिळाचे यंत्र आल्फ्रेड इलिंगवर्थ ह्या इंग्रजाने १९०५ मध्ये पेटंट केले. तो ब्रॅडफर्डच्या लोकर-गिरण्यांच्या व्यवसायातला. गिरणीत उभ्या बॉबिनच्या टोकावरून सूत सरसर उलगडते, बॉबिन फिरत नाही. तेच तत्त्व त्याने गळाच्या दोराला लावले. म्हणजे मार्केटमधले दोऱ्याचे रीळ आणि जावयांच्या यादीतले रीळ एकाच घरचे निघाले.

आता निवडीकडे. यादीत दोन जाती होत्या. एक ही इलिंगवर्थच्या वंशातली, जिला स्पिनिंग रीळ म्हणतात. दुसरी काठीच्या वर बसणारी, रहाटासारखी आडव्या आसावर फिरणारी. ओढत नेण्याच्या मासेमारीला जाणकार दुसरी सुचवतात आणि त्याला कारणे आहेत. स्थिर रिळातून दोर निघताना व गुंडाळताना त्याला पीळ पडतो. पाण्यात गिरक्या घेणारे आमिष तासन् तास ओढले की त्यात भर पडते आणि शेवटी दोराचे जाळे होते. आडव्या रिळावर दोर सरळ गुंडाळला जातो. त्यात एक छोटा दिशादर्शकही असतो, तो इकडून तिकडे सरकत दोर सारखा पसरवतो. दोर सोडायचा तर अंगठ्याने एक पट्टी दाबली की पुरते. चिमटी लागत नाही, हे नानांच्या दृष्टीने मोठे. शिवाय एक खटका असतो. तो लावून ठेवला की मासा दोर ओढू लागताच रीळ कटकट वाजते. नाना म्हणाले, "घुंगरू आतच बसवलंय की." ह्या एका वाक्याने त्या यंत्राचा परकेपणा निम्मा संपला.

पण दुसऱ्या जातीला एक खोड आहे. खाली लटकणारे रीळ आपल्या वजनाने काठी सरळ ठेवते. वर बसणारे रीळ, पकड ढिली असेल तर, कलंडते. आणि नानांची पकड ढिलीच. शिवाय स्पिनिंग रिळाची मूठ काढून हवी त्या बाजूला बसवता येते. आडव्या रिळाला डावे-उजवे घेतानाच ठरवावे लागते. मग प्रश्न असा: काठी कमजोर उजव्या हातात आणि मूठ डाव्या हाताने फिरवायची, की काठी शाबूत डाव्या हातात आणि मूठ उजव्याने? आमचा कल पहिल्या बाजूला होता. काम करतो तो हात चांगला असावा, हे उघडच वाटत होते. जावयांनीही डाव्या मुठीचेच सुचवले.

हा वाद कागदावर सुटेना. पवईच्या तलावावर गळ टाकायला जाणारे एक परिचित आहेत (त्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे, हे त्यांच्याकडूनच प्रथम कळले). त्यांनी दोन्ही जातींची रिळे आणि एक आखूड काठी महिनाभरासाठी दिली. बदलापूरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन लिटरची बाटली पाण्याने भरून दोराला बांधली, दुसऱ्या टोकाशी नानांना खुर्चीत बसवले. शेजारची मुले जमली. आईंनी जिन्याच्या दारातून, ह्या वयात हे काय, असे विचारले. आणि मग तिथेच उभ्या राहून सारे पाहिले.

काठी उजव्या हातात घेतली तेव्हा बाटलीच्या ओढीने ती पुढे झुकली, रीळ कलंडले, आणि नानांचा खांदाच वर आला. मूठ डाव्याने छान फिरत होती, पण काठी सांभाळण्यातच ते घामाघूम झाले. मग बदलले. काठी डाव्यात, तिचा बुंधा पोटाशी टेकवलेला. उजवा हात मुठीवर. काठी स्थिर राहिली. माशाचे वजन काठी पेलते, मुठीला लागतो तो फक्त फेर, आणि फेर मनगटाचा व कोपराचा. ते दोन्ही हलत होते. निसटत होती ती बोटे, कारण मूठ शेंगदाण्याएवढी. नानांनी ती काही वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "कानशीची मूठ असते ना, तेवढी हवी. मुठीत धरायची, चिमटीत नाही." आठवड्याने त्यांचा एक जुना सहकारी आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या सळईतून तशी मूठ कातून घेऊन आला. लिंबाएवढी, मध्ये किंचित खोलगट. मोजमाप नानांनी सांगितले होते, कॅलिपरने, डाव्या हाताने घेतलेले.

त्यानंतरची निवड त्यांनीच केली. आम्ही केवळ दुभाषे. गिअरचे प्रमाण म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात रिळाचे किती फेरे. काही रिळे ६ ला १ च्याही वर होती. नानांनी ती ताबडतोब बाजूला सारली. "लेथवर जाड काप घ्यायचा तर चाल कमी करावी लागते. चाल वाढवली की जोर गेला." त्यांनी ४ ला १ च्या आसपासचे ठेवायला सांगितले, फेरे जास्त लागतील, लागू देत. बाहेर किती फूट दोर गेला हे आकड्यांत दाखवणारे रीळ जावयांच्या फार मनात होते, आणि ओढत नेताना त्याचा उपयोग खराच आहे, कारण ज्या अंतरावर एक मासा लागला त्याच अंतरावर पुन्हा सोडता येते. नानांनी विचारले, "आकडा रिळाच्या फेऱ्यांवरून काढतात ना? मग दोर कमी झाला की घेर कमी, आकडा खोटा." वर्णनात खाली बारीक अक्षरांत तेच लिहिले होते: रीळ पूर्ण भरलेले असतानाच मोजणी बरोबर येते. पूर्ण भरून ठेवा, आकडेवालेच घ्या, असे त्यांनी ठरवले.

राहिला 'ड्रॅग'. ह्या शब्दावर आम्ही अडलो. रिळाच्या पोटात घर्षणाच्या चकत्या असतात. त्या किती आवळायच्या ते चांदणीच्या आकाराच्या एका चाकाने ठरते. दोरावरचा ताण त्या मर्यादेपलीकडे गेला की मूठ न फिरवताही रीळ मागे फिरून दोर सोडते, म्हणजे दोर तुटत नाही. साधारण दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ते लावतात. ट्राउटचे तोंड मऊ, त्यामुळे हे सुटणे धक्क्याने नव्हे, अलगद व्हावे लागते. स्वस्त रिळे इथेच फसतात, आधी अडतात आणि मग एकदम सुटतात. 'ड्रॅग'ला आम्ही 'ओढ' म्हणून पाहिले, 'रोध' म्हणून पाहिले, 'ताण-नियंत्रक' हा सरकारी परिपत्रकाला शोभेल असा शब्दही करून पाहिला. नाना ऐकत होते. "हा क्लच आहे," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "आणि काम काय करतो, तर ढील देतो."

ढील! संक्रांतीच्या आकाशात शेकडो वर्षे असलेला शब्द. पतंगाच्या भाषेत फिरकी आहे, चक्री आहे, येवल्याकडे आसारी आहे. खेच आहे आणि ढील आहे. दोराच्या टोकाला वाऱ्याऐवजी मासा असला तर व्याकरण बदलत नाही. परिभाषा घडवण्याच्या किती समित्यांची इतिवृत्ते आम्ही वाचली असतील. त्यांत गच्चीवर जाऊन विचारल्याचे कुठे आढळले नाही.

त्या दिवसांत एकदा नानांना विचारले, इथेच कुठे गळ टाकून पाहायचा का. ते नाही म्हणाले. त्यांच्या लहानपणी वालधुनीतही मासे मिळत. अंबरनाथच्या इ.स. १०६० च्या शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते; आता तिचा रंग त्या दिवशी कोणते कापड धुतले गेले त्यावर ठरतो असे लोक म्हणत आले आहेत. उल्हास आणि वालधुनी ह्यांच्या प्रदूषणावर 'वनशक्ती' संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये दंडाचा आदेश झाला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ह्याच उल्हासनगरात, फाळणीनंतर छावणीतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ मध्ये हे नाव मिळालेल्या गावात, घरोघरी झुलेलालची तसबीर असते: सिंधूच्या पाण्यावर, पल्ला माशावर बसलेला वृद्ध. आमच्या महाविद्यालयातले एक सिंधी सहकारी सांगतात की त्यांचे आजोबा मरेपर्यंत पल्ल्याची चव काढत राहिले; नदी मागे राहिली, मासा भिंतीवर आला. नानांची नदी तर कुठे गेलेली नाही. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली तेव्हा, तीच नदी आमच्या जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. तरीही नाना आता तिच्याकडे गळ घेऊन जात नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही पुन्हा विचारले नाही.

जावयांना यादी गेली: आडवे रीळ, उजव्या मुठीचे, प्रमाण ४ ला १ च्या जवळ, फूट मोजणारे, खटक्याचे, दोर नायलॉनचा, बारा पौंडी, कारण तो थोडा ताणतो आणि मऊ तोंडाला धक्का कमी बसतो. सुरुवातीच्या उन्हाळ्यात मासे काठालगत उथळ पाण्यात असतात, त्यामुळे जड सामान नको, हे जावयांनीच कळवले. मूठ इथून येईल. आसाचा व्यास तेवढा मोजून पाठवा. "जावईबुवांना लिहा," नाना म्हणाले, "की काठीला होडीवर खोबण असेल तर मासा लागल्यावर ती मी काढीन. त्यांनी काढून द्यायची नाही."

गच्चीवरची बाटली अजून रोज संध्याकाळी ओढली जाते. ओढून झाली की ती पुन्हा पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवावी लागते. शेजारचा मुलगा धावतो. नाना त्याला थांबवतात, काठी भिंतीला टेकवतात आणि स्वतः चालत जातात. पूर्वी हे अंतर ते दोनदा थांबून पार करीत, आता एकदा थांबतात. क्रम लक्षात राहावा म्हणून त्यांनी आमच्याकडून मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून घेतली आहे: खटका लावा, अंगठ्याने पट्टी दाबा, दोर जाऊ द्या, आकडा पाहा, मूठ फिरवून पट्टी बसवा, ढील तपासा. आम्ही 'ढील तपासून पाहावी' असे लिहिले होते. नानांनी 'पाहावी' खोडले. पाण्यात तेवढा वेळ नसतो म्हणाले. चिठ्ठी पारपत्राच्या पाकिटात ठेवली आहे, आणि नायलॉनची मूठ हातसामानात न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवावी की काय, ह्यावर आई आणि नाना ह्यांचे अद्याप एकमत झालेले नाही.